सुबराव आणि दुसऱ्यांची केस

सुबराव चौगुले यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका मोबाईलसमोर उभे होते. २०२३ चा एप्रिल, मंगळवारची सकाळ. निपाणीच्या शाळेतून निवृत्त होऊन मी बेळगावच्या शहापुरात भाड्याच्या घरात आले, त्याला आठवडाच झाला होता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या घराचा कट्टा दिसतो. कट्ट्यावर पितळी तांब्या, तांब्याला टेकवलेला मोबाईल आणि त्याच्यासमोर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ हात बांधून ताठ. मला वाटलं, राष्ट्रगीत लागलं असावं. मी गॅस बंद केला, उलथणं खाली ठेवलं आणि सरळ उभी राहिले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी नागुबाई बाहेर आल्या.

"माझा बा आलता तवा जागचं हलला न्हाईसा. आता मोबाईलला उठताय व्हय?"

"कोर्ट आत आलं की उठायचं असतंय. नियम हाय."

"कोर्ट दिल्लीत आलंय. तुमी शहापुरात हाय."

"हितनं दिसतंय न्हवं?"

मी गॅस पुन्हा लावला.

सुबराव उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटर होते. हात कुशल, बोलणं कमी, आणि डोक्यात एकच विषय, सीमाप्रश्न. सर्वोच्च न्यायालयातली ती केस २००४ सालची. तारीख लागते, पुढे जाते, पुन्हा लागते. सुबरावांकडे त्या तारखांची वही आहे. सुनेनं, म्हणजे आरोहीनं, आता सुनावणी मोबाईलवर थेट दिसते असं सांगितल्यावर त्यांनी तिच्याकडून ती लावून घेतली. पाच न्यायाधीश रांगेनं बसलेले पाहिले, समोर केंद्र सरकारचे वकील पाहिले, आणि त्यांची खात्री पटली. पाच जण बसलेत म्हणजे बेळगावचंच असणार. दुसऱ्या कशाला कोण पाच जण बसवतंय?

दोन दिवस त्यांनी तसंच ऐकलं. इंग्रजी त्यांना कारखान्यापुरतं येतं, नटबोल्टाच्या मापांचं. दुसऱ्या दिवशी त्यांना एवढं कळलं की सरकार म्हणतंय, राज्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. ते कपाळाला हात लावून माझ्या दारात आले.

"बाई, तुमी शाळेत हुता म्हणं. जरा ऐका. राज्यास्नी इचारा म्हणालेत. कर्नाटकाला इचारल्यावर ते काय म्हणणार? झालं, अडकलं."

मी दहा मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, "सुबराव, ही तुमची केस नव्हे."

"मग कुणाची?"

"दोन पुरुषांना एकमेकांशी, किंवा दोन बायकांना एकमेकींशी कायद्यानं लग्न करता यावं का, असा वाद आहे."

सुबरावांनी मोबाईलकडे पाहिलं. चेष्टा करतील, नाहीतर थुंकतील, असं मला वाटलं. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. "दोन बायका," एवढंच म्हणाले आणि मोबाईल बंद न करता घरात गेले. न्यायाधीश तासभर रिकाम्या कट्ट्याशी बोलत होते.

संध्याकाळी नागुबाई कढीपत्ता मागायला आल्या, तेव्हा मला कारण कळलं. सुबरावांची थोरली बहीण आक्काताई वडगावात राहतात. तरुणपणी त्या खानापूरकडच्या आपल्या गावातून मागावर काम करायला आल्या. त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला कणकुंबीच्या मालुबाई होत्या. दोघींनी एक खोली घेतली. त्याला तीस वर्षं झाली. पहिली दहा वर्षं सुबरावांनी आक्कासाठी स्थळं आणली. एकदा तर चिकोडीचा एक विधुर थेट खोलीवरच नेला. मालुबाईंनी त्याला चहा दिला, आक्काताईंनी त्याला परतीची बस सांगितली. त्यानंतर स्थळं बंद झाली. मालुबाईंचं नाव मात्र सुबरावांनी कधी घेतलं नाही. 'आक्काची ती मैत्रीण' म्हणायचे.

"औंदा माघात मालुबाईचं पोट कापलं," नागुबाई म्हणाल्या. "दवाखान्यात इचारलं, नातं काय? आक्कानं लिवलं, शेजारीण. ते म्हणाले, शेजारणीची सही चालत न्हाय. मालुबाईच्या भावाला कणकुंबीस्नं बोलवून घेतलं. तो आला दुसऱ्या दिवशी. रातभर ती बाई तळमळत पडलेली, आणि आक्का पेन धरून बसलेली."

त्यानंतर आक्काताईंनी भावाला सांगितलं होतं, "सुब्या, तू कोर्टाचा एवढा शाणा. आमा दोघींची नावं एका घरात हाईत असा एक सरकारी कागद मला आणून दे. लग्न म्हण न्हायतर काय बी म्हण. मला कागद पायजे."

कागद मिळण्यासारखा नव्हता. मालुबाईंचं नाव अजून भावाच्या रेशनकार्डावर होतं, आणि भाऊ ते काढून टाकायच्या गोष्टी बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुबराव पुन्हा कट्ट्यावर उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमची केस तर लागत न्हाय. आता बसलोयच तर ही बघू."

सुनावणी दहा दिवस चालली. सुबराव दहा दिवस उठले आणि बसले. जेवायची सुट्टी कोर्टाला झाली की मग ते जेवत. मी भाषांतर करायची. गल्लीतली माणसं जमू लागली, आणि सुबराव त्यांना केस समजावून देऊ लागले. समजावून देण्याची त्यांची एकच रीत होती. सीमाभागातल्या पोरांनाही पाठ असलेली जी चार सूत्रं आहेत, खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा, ती सगळी त्यांनी लग्नाला लावली.

"खेडं घटक धरायचं तसं हितं घर घटक धरायचं. सलगता म्हणजे दोन माणसं सलग एका जागी राहिली पायजेत, मधी दुसरं गाव येऊ नये. भाषा एक पायजे. आणि लोकेच्छा म्हणजे त्या दोघांची इच्छा, गल्लीची न्हवं."

"आणि नवरा-बायकोत भाषा एक नसली तर?" मी विचारलं.

"नागू आणि मी एकच भाषा बोलतो बाई, पण अजून तह झाल्याला न्हाय."

निवृत्त पोस्टमन मारुतीराव रोज विरोधी पक्षात बसत. त्यांचं म्हणणं असं, की लग्न ही फार जुनी गोष्ट, ती होती तशीच असू द्यावी. मी त्यांना सांगितलं की कोर्टात याच मुद्द्यावर घोळ चालला आहे. एक बाजू म्हणते लग्न पहिल्यापासून असंच आहे, दुसरी म्हणते ते कधीच एका जागी थांबलेलं नाही. पूर्वी आठ वर्षांच्या मुलीचं लग्न व्हायचं, विधवेचं व्हायचं नाही, परजातीत तर नाहीच. आंतरधर्मीय लग्नाला मुभा देणारा १९५४ चा विशेष विवाह कायदा आला तेव्हाही लोक असंच बोलले असतील. आणि २०१८ पर्यंत तर अशा दोघांचे शरीरसंबंधच गुन्ह्यात बसत होते.

"ते सगळं खरं, बाई. पण आपल्यात हे पहिल्यापास्नं न्हवतं," मारुतीराव म्हणाले.

सुबराव उसळले. "पहिल्यापास्नं न्हवतं म्हणजे? बेळगाव छप्पन सालापतोर कर्नाटकात न्हवतं. तवा न्हवतं म्हणून आज न्हाय काय?"

मारुतीरावांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि म्हणाले, "म्हणजे आज हाय ते मान्य तुला?"

चाळीस वर्षांत सुबरावांच्या तोंडून कुणी हे काढून घेतलं नव्हतं. ते उठून घरात गेले आणि कोर्टाच्या सुट्टीचे दोन दिवस बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते उत्तर घेऊनच. "हाय ते हाय. म्हणून अर्ज करायचा न्हाय, असं कुठं लिवलंय?" हे उत्तर त्यांना दोन्ही केसना पुरलं.

लग्नाआधी तीस दिवस नोटीस लावायची आणि हरकती मागवायच्या, हा त्या चौपन्नच्या कायद्यातला नियम मी वाचून दाखवला, तेव्हा मात्र दोघांचं एकमत झालं. आपल्या गल्लीत अशी नोटीस लावली तर तीस दिवसांत तीनशे हरकती येतील, नवरा-बायको कुणी का असेनात.

निकाल ऑक्टोबरात आला. सुबरावांनी आक्काताईंना आणि मालुबाईंना घरी बोलावलं. मालुबाई त्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात चमकी, आणि कुठेही बसायला सांगितलं की आधी जागा हातानं पुसणाऱ्या. सुबरावांनी कुंद्याचा, म्हणजे खव्याच्या मिठाईचा, डबा आणून मोबाईलच्या शेजारी ठेवला होता. न्यायाधीश आले. या वेळी सुबराव, आक्काताई, मालुबाई, मारुतीराव आणि मी असे पाच जण उभे राहिलो. नागुबाई बसून राहिल्या. "मी तांदूळ निवडाय बसलोय," म्हणाल्या.

पहिल्या न्यायाधीशांचं वाचन चालू झालं. मी सांगत गेले. लग्न हा मूलभूत हक्क नाही म्हणतायत. पण दोघं एकत्र राहतात त्या नात्याला सरकारनं मान्यता द्यावी, असं म्हणतायत.

"मान्यता म्हणालेत न्हवं?" सुबराव म्हणाले. "उघडा डबा."

मी म्हणाले, अजून चार न्यायाधीश आहेत. पण डबा उघडला गेला होता आणि मारुतीरावांनी कुंदा तोंडात घातलाही होता. मग एकेक वाचन होत गेलं आणि माझा आवाज बारीक होत गेला. मान्यतेच्या मुद्द्यावर तीन विरुद्ध दोन. कायदा करायचा तर संसदेनं करावा. या लोकांना रोजच्या कामांत काय अडचणी येतात ते पाहायला सरकार एक समिती नेमेल.

आक्काताई हातातल्या कुंद्याकडे बघत होत्या. "म्हणजे न्हाय म्हणाले."

"समिती म्हणालेत का, बाई?" सुबरावांनी विचारलं.

"हो. समिती."

सुबरावांचा चेहरा एकदम ओळखीच्या रस्त्याला लागला. "आक्का, मग रडायचं काय बी कारण न्हाय. आमाला छप्पन सालापास्नं समित्याच मिळाल्यात. समिती म्हणजे काय, अर्ज करायला जागा. त्यातलं मला समदं येतंय."

"आणि कुंदा कशापायी आणलास मग?"

"कुंदा निकालाचा हाय. जिंकल्याचा न्हवं."

मालुबाई पहिल्यांदा हसल्या. तोंडाला पदर लावून हसताना त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते, आणि आक्काताई त्या खांद्यांकडे बघत होत्या. सुबरावांनी ते पाहिलं आणि उगाच डब्याचं झाकण शोधू लागले.

पुढचं वर्षभर त्यांनी अर्ज केले. दिल्लीला, बेंगळुरूला, पुन्हा दिल्लीला. सगळे मराठीत, आणि प्रत्येक अर्जात ती चार सूत्रं. उत्तर एकालाही आलं नाही, पण पोचपावत्या वहीत चिकटत गेल्या. दरम्यान कणकुंबीच्या भावानं मालुबाईंचं नाव कार्डातून काढलं. आता त्या कुठल्याच घरात नव्हत्या.

२०२४ च्या सप्टेंबरात मी पेपरात वाचलं, की केंद्राच्या अन्नखात्यानं राज्यांना कळवलं आहे, अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावं. मी कात्रण घेऊन कट्ट्यावर गेले. सुबरावांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी ते प्लॅस्टिकमध्ये चिकटवून आणलं, आणि आक्काताईंच्या रेशनकार्डात मालुबाईंचं नाव घालायला कार्यालयात जायचा दिवस ठरला. नावं घालायचं पोर्टल तीनच दिवस उघडणार होतं. पहिले दोन दिवस सर्व्हर बंद होता. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. शहाऐंशीच्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात सुबरावांनी शपथ घेतली होती, की सरकारी कार्यालयात कन्नडचा एक शब्द उच्चारणार नाही. बाजारात, कारखान्यात ते कन्नड इतकं सुरेख बोलत, की हुबळीकडचे लोक त्यांना आपल्याकडचे समजत. पण कार्यालयाची पायरी चढली की जीभ बंद. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी डोळे तपासताना तक्त्यावर कन्नड अक्षरं होती, म्हणून ह्यांनी एकही ओळखायला नकार दिला. डोळे अधू म्हणून शेरा बसला. तीन वर्षं सायकलवरून कारखान्यात गेले, पण अक्षर ओळखलं नाही.

म्हणून त्या दिवशी दुभाषी मी. माझं कन्नड निपाणीच्या बाजारातलं, भाजीपुरतं.

खिडकीत एक तरुण मॅडम होत्या, होस्पेटकडच्या. मराठी त्यांना अजिबात येत नव्हतं, पण स्वभाव चांगला होता. त्यांनी पत्ता पाहिला, आधार पाहिलं आणि विचारलं, "संबंध एनु?" कुटुंबप्रमुखाशी नातं काय, ते टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. यादीत बहीण होती, सून होती, नणंद होती. या दोघींचं तिथं काही नव्हतं.

सुबरावांनी कात्रण खिडकीच्या काचेला लावलं आणि मराठीत भाषण सुरू केलं. घर हा घटक. सलगता. लोकेच्छा. मी जमेल तसं कन्नड केलं. माझ्या कन्नडमध्ये सलगता म्हणजे 'जागा जवळ जवळ' आणि लोकेच्छा म्हणजे 'लोकांना पाहिजे' असं झालं असावं.

मॅडम समजुतीनं म्हणाल्या, जमिनीचं प्रकरण असेल तर पलीकडच्या इमारतीत जा.

"काय म्हणाल्या?" आक्काताईंनी विचारलं. मालुबाईंना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, पण खिडकीसमोर त्यांचा आवाज फुटत नव्हता. आक्काताई नुसत्या भावाकडे बघत होत्या. मॅडमनी घड्याळाकडे पाहून मागच्या माणसाचे कागद ओढले.

सुबरावांनी खिशातून रुमाल काढला. तोंड पुसलं. खिडकीच्या गजाला धरलं.

"मॅडमर, स्वल्प केळ्री," ते म्हणाले. मॅडम, जरा ऐका.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमनी हातातले कागद खाली ठेवले. आणि सुबराव पंधरा मिनिटं कन्नड बोलले. त्यात सूत्रं नव्हती. माझ्या तोकड्या कन्नडला कळलं ते एवढंच, की ही माझी थोरली बहीण, ह्या मालुबाई, दोघी तीस वर्षं एका खोलीत राहतात, एका मागावर हात दुखेपर्यंत राबल्या, एकीचं पोट दुखलं तर दुसरी जेवत नाही, आणि दवाखान्यात माझ्या बहिणीला शेजारीण लिहावं लागलं. बोलता बोलता त्यांनी मालुबाईंचं नाव चारदा घेतलं.

मॅडमनी वर कुणाला तरी फोन लावला. कात्रणातला मजकूर वाचून दाखवला. हूं, हूं, करत ऐकलं. मग यादीच्या तळाशी गेल्या आणि म्हणाल्या, 'इतर' टाकते, चालेल का?

सुबराव मराठीत परत आले. "इतर म्हणजे काय? तीस वर्षं राहून इतर? मी ह्याच्यावर अर्ज..."

"गप रं सुबराव," मालुबाई म्हणाल्या. त्यांनी त्यांना पहिल्यांदाच नावानं हाक मारली, आणि तीही अरेतुरेनं. "वरीसभर मी कुठंच न्हाय. इतर तर इतर. टाका म्हण त्यास्नी."

सुबरावांनी ते कन्नडमध्ये सांगितलं. मॅडमनी टाकलं.

बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यालो. त्या पंधरा मिनिटांबद्दल गल्लीत संध्याकाळपर्यंत कळलं होतं, कारण मारुतीरावांचा भाचा त्याच रांगेत मागं होता. मारुतीराव कट्ट्यावर आले, बसले, चष्मा काढून पुसला. आम्ही सगळे वाट पाहत होतो. शेवटी ते म्हणाले, "व्याकरण बरोबर हुतं म्हणं."

"बरोबरच असणार," सुबराव म्हणाले. "चाळीस वर्षं हापिसात वापरल्यालं न्हवतं."

कार्ड नोव्हेंबरात आलं. त्याच महिन्याच्या एक तारखेला, सीमाभागाच्या काळ्या दिनाला, सुबरावांनी दरवर्षीप्रमाणे काळा शर्ट घातला होता. कार्ड आलं त्या दिवशी पांढरा घालून ते वडगावला गेले. कार्डावर सगळं कन्नडमध्ये आहे, आणि दोन नावं एकाखाली एक आहेत. आक्काताईंनी ते देवाच्या फळीवर न ठेवता भिंतीवरच्या कॅलेंडरमागं ठेवलं, कारण तिथून चटकन काढता येतं. पुढं कधी दवाखान्यात जावं लागलं तर ते कितपत चालेल, मला सांगता येत नाही. आक्काताईंना तेही माहीत आहे. पण आता त्या पेन धरून रिकाम्या बसणार नाहीत.

मालुबाईंचा गुडघा धरला आहे, म्हणून हल्ली दर महिन्याला रेशन दुकानाच्या रांगेत सुबराव उभे राहतात, आणि नंबर जवळ आला की अंगठा लावायला त्यांना रिक्षानं बोलावून घेतात.